ज्याची सही नाही, त्याची शस्त्रे काढायची कोणी?

गाझातील आंतरराष्ट्रीय स्थैर्य दलात भारतानेही सैन्य पाठवावे, त्याने देशाची पत वाढेल, असा सूर सध्या चर्चांमधून लावला जात आहे. या चर्चांत १९८७ सालच्या श्रीलंकेतील मोहिमेचा साधा उल्लेखही होऊ नये, हे संतापजनक आहे.

शांतिसेना आणि लढाऊ सेना यांतील फरक संमतीने ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला तीन अटी लागू असतात: संघर्षातील मुख्य पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा, आणि स्वसंरक्षण व सोपवलेले काम एवढ्यापुरताच बळाचा वापर. पहिली अट सुटली की बाकीच्या दोन फार दिवस टिकत नाहीत. न बोलावलेल्या फौजेवर गोळी झाडली जाते, तिने उलट गोळी झाडली की ती एका बाजूची ठरते आणि शांतिसेना हे नाव कागदावर उरते.

काँगोत १९६० साली संमती होती. स्वातंत्र्यानंतर दोन आठवड्यांतच तेथील सरकारने स्वतःहून संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. कटांगा प्रांत फुटून निघाला होता. पुढे तेथे भारतीय ब्रिगेड गेली, लढाया झाल्या, डिसेंबर १९६१ मध्ये कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना वीरमरण आले. किंमत मोजावी लागली, पण यजमान देशाची एकसंधता राखण्याचे काम पुरे झाले आणि १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची फौज परतली.

श्रीलंकेत काय झाले? २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. ज्यांची शस्त्रे काढून घ्यायची त्या तमिळ वाघांची सही त्यावर नव्हती. युद्ध थांबल्यापासून ७२ तासांत सर्व शस्त्रे जमा होतील, असे मात्र त्यात लिहिले होते. सिंहली जनमतही या कराराच्या बाजूने नव्हते. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने भारताच्या पंतप्रधानांवर बंदुकीचा दस्ता उगारला. वाघांनी थोडी शस्त्रे दाखवण्यापुरती दिली आणि ऑक्टोबरमध्ये, करार अमलात आणायला गेलेली भारतीय शांतिसेना त्यांच्याशीच उघड युद्धात उतरली. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन नोव्हेंबर १९८७ मध्ये तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जून १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी भारतीय फौजेने जुलैअखेर देश सोडावा, असे जाहीरपणे बजावले. शेवटची तुकडी निघाली ती २४ मार्च १९९० रोजी. यजमानाने दार दाखवल्यावरही नऊ-दहा महिने तेथे राहण्याचे समर्थन कोणत्याच तत्त्वाने करता येत नाही.

या मोहिमेत सुमारे १,२०० भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली सात दशकांत, पन्नासच्या आसपास मोहिमांत मिळून भारताने गमावलेले सैनिक सुमारे १८० आहेत. श्रीलंकेत अवघ्या बत्तीस महिन्यांत सुमारे १,२००. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर आणखी युक्तिवादाची गरज उरत नाही.

गाझासाठी सुरक्षा परिषदेचा ठराव आहे, असे उत्तर दिले जाते. १७ नोव्हेंबर २०२५ चा ठराव २८०३ खरोखरच आहे. पण त्यातून उभे राहणारे दल संयुक्त राष्ट्रांच्या आधिपत्याखालचे नाही. सशस्त्र गटांचे निःशस्त्रीकरण हे त्याला दिलेले एक काम आहे आणि हमासने तो ठराव लगेच फेटाळला. म्हणजे पुन्हा तेच: ज्याची शस्त्रे काढायची त्याची सही नाही. ठरावाचा मसुदा अमेरिकेचा, आणि गाझात अमेरिकी सैनिक उतरणार नाहीत हेही अमेरिकेनेच सांगून ठेवलेले. मग तेथे मरायचे कोणी? नाशिक रोड कॅम्पातील तोफखाना केंद्रात घाम गाळणाऱ्या पोरांनी?

परक्या फौजेचा आणि परक्या ठरावांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९४८ मध्ये निजामाने हैदराबादची तक्रार सुरक्षा परिषदेत नेली, तेव्हा हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भारताची भूमिका होती. त्या संस्थानातून सुटलेल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर आजही मुक्तिदिन म्हणून साजरा होतो. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यावरून भारताविरुद्ध आलेला ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. काश्मीरमधील संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचे काम सिमला करारानंतर संपले, असे भारत आजही म्हणतो. स्वतःच्या सार्वभौमत्वाबद्दल इतका जागरूक असलेला देश दुसऱ्याच्या घरात शिरताना संमतीची अट सैल कशी करू शकतो?

नकार देता येतो, हेही भारताने दाखवले आहे. जुलै २००३ मध्ये अमेरिकेच्या आग्रहानंतरही वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवले नाही. त्यामुळे देशाची पत घसरली नाही. शांतिसेनेचा अनुभव असलेल्यांनीही असा विरोध केला आहे. मूळचे मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्र दलाचे पहिले सेनापती झाले. १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेच्या परवानगीविना नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकले, तेव्हा त्यावर त्यांनी परखड टीका केली. हस्तक्षेपाची हौस आणि शांतिकार्य यांतला फरक जागेवर राहिलेल्या सेनापतीला कळतो, स्टुडिओतल्या तज्ज्ञांना नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम ४४ सांगते की परिषदेचा सदस्य नसलेल्या देशाकडे सैन्य मागण्यापूर्वी, त्याची इच्छा असल्यास, त्या सैन्याच्या वापराविषयीच्या निर्णयात त्याला सहभागी करून घ्यावे. व्यवहारात पलटणी देणाऱ्यांना अटी तयार झाल्यावरच विचारले जाते. वर्षानुवर्षे सर्वाधिक सैन्य देणाऱ्या देशांत मोडणाऱ्या भारताने हे निमूटपणे का सोसावे? आणि घरात तरी वेगळे काय आहे? १९८७ मध्ये हजारो सैनिक समुद्रापार गेले ते संसदेत आधी मतदान न होताच.

म्हणून गाझा असो की उद्याचा दुसरा कोणताही देश, तीन गोष्टी आधी लेखी हव्यात: शस्त्रे उतरवणाऱ्या प्रत्येक पक्षाची संमती, संयुक्त राष्ट्रांचे प्रत्यक्ष आधिपत्य आणि परतीची तारीख. त्यावर संसदेत चर्चा आणि मतदान व्हावे. यांतली एक जरी गोष्ट नसेल, तर सरकारने २००३ प्रमाणे स्पष्ट नकार कळवावा.

– एक वाचक, नाशिक रोड