चंद्रा दुर्बीण बंद पडली, तर नेमकं काय हुकेल?

शेकडो-हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या की होतो दीर्घिकासमूह. गंमत म्हणजे समूहातला बहुतेक साधा पदार्थ ताऱ्यांमध्ये नसतोच. तो असतो दीर्घिकांच्या मधल्या, कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूत. हा वायू क्ष-किरणांत चमकतो. आपलं वातावरण क्ष-किरण अडवतं, म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते.

शोधणारी दुर्बीण

जर्मनीची 'इरोझिटा' २०१९ मध्ये रशियन यानावर बसून गेली. आकाशाच्या आठ फेऱ्या ठरल्या होत्या. चार पूर्ण झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं आणि जर्मनीने ती थांबवली. तरी पहिल्या एकाच फेरीतून, जर्मनीच्या वाट्याच्या अर्ध्या आकाशात, १२,२४७ समूह आणि गट सापडले.

तपासणारी दुर्बीण

मग अडचण कुठे आहे? दूरचा समूह इवलासा दिसतो. त्यातल्या एखाद्या दीर्घिकेचं कृष्णविवरही क्ष-किरण फेकतं. चित्र धूसर असेल, तर वायू कुठला आणि कृष्णविवर कुठलं हे कळत नाही. समूहाचं वस्तुमान चुकतं आणि त्यावरून मांडलेलं विश्वाचं गणितही.

इथे नासाची 'चंद्रा' लागते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेली ही दुर्बीण १९९९ पासून काम करतेय. तिची नजर अर्ध्या आर्कसेकंदाची. इरोझिटाची तिच्या कितीतरी पट ढोबळ. २०१६ मध्ये तब्बल ११.१ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या समूहातला तप्त वायू ओळखता आला, त्यात चंद्राचा मोठा वाटा होता.

पैशाचा प्रश्न

मार्च २०२४ मध्ये नासाने चंद्राचा वार्षिक खर्च सुमारे ६.८ कोटी डॉलरवरून ४.१ कोटींवर आणायचा प्रस्ताव मांडला. कारण दिलं वयाचं: यान जास्त तापतं, सांभाळणं अवघड होतंय. ते खोटं नाही. पण संशोधकांचं म्हणणं असं, की दुर्बीण अजून उत्तम निरीक्षणं देतेय आणि एवढ्या कपातीत ती चालवणं म्हणजे हळूहळू बंद करणंच.

बदली कोण? जपानची 'क्रिझम' वायूचा वेग आणि तापमान अफाट बारकाईने मोजते, पण तिचं चित्र धूसर. युरोपची 'न्यूअथेना' २०३७ च्या सुमाराला, आणि तीही चंद्राइतकी तीक्ष्ण नसेल.

थोडक्यात, समूहांची यादी हातात आहे, पण ती तपासणारा डोळाच मिटायची वेळ आलीय. जुनं यान कधीतरी थांबणारच. प्रश्न आहे तो पुढची सोय होण्याआधीच थांबवायचं का, हा.