बंद गल्लीची लांबी आणि कोणाची अडचण?

घरांसाठीं जमिनीचे प्लॉट पाडतांना एका टोंकास बंद असलेली गल्ली किती लांब असावी, हा प्रश्न वरवर पाहणारास क्षुल्लक वाटेल. वसई-विरारच्या रहिवाशांनीं तरी तो तसा मानूं नये. डिसेंबर 2020 मध्यें मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलींत त्याविषयीं स्पष्ट आज्ञा आहे. अशी गल्ली सामान्यतः 150 मीटर, फार तर 275 मीटर असावी. ती सरळ असावी. गाडी वळविण्यास निदान 81 चौरस मीटर जागा असावी. आणि तिचें बंद टोंक आरंभाच्या पातळीहून उंच असावें.

ही शेवटली अट कोणा कारकुनाची लहर नव्हे. बंद टोंक सखल असेल तर पावसाचें पाणी तेथेंच सांचणार, आणि पलीकडे वाट नसल्यामुळें माणसेंही तेथेंच अडकणार. जुलै 2018 मध्यें रुळांवर पाणी चढून लोकलगाड्या बंद पडल्या व वस्त्याच्या वस्त्या पाण्यांत राहिल्या, तें ज्यांनीं पाहिलें त्यांस अधिक सांगणें नलगे.

आतां त्याच नियमावलींत दुसरें एक दार ठेवलेलें आहे. उघड अडचण असल्यास आयुक्तांनीं कारणें लेखी नमूद करून मापांत सवलत द्यावी. मात्र आरोग्य, आग, इमारतीची बळकटी व सार्वजनिक सुरक्षितता यांस बाध येतां कामा नये. असें दार असावें, याबद्दल आमचा वाद नाहीं. वाद आहे तो 'अडचण' या शब्दाविषयीं. अडचण कोणाची?

पाचूबंदर घ्या. किल्ल्यास लागून, खाडीच्या मुखाशीं वसलेली ही कोळ्यांची वस्ती असल्या नियमांच्या कितीतरी पूर्वींची. येथील एखाद्या घरधन्यास आपलें मोडकळीस आलेलें घर त्याच जागीं पुन्हां बांधावयाचें, तर त्यानें रुंद वाट आणावी कोठून? समुद्र मागें सरणार नाहीं, आणि शेजारीही सरणार नाहीं. ही खरी अडचण. येथें कायद्यानें हात सैल सोडलाच पाहिजे. परंतु ज्यानें मोकळी जमीन घेऊन, आणखी चार प्लॉट निघावेत म्हणून गल्ली लांबविली, त्याची अडचण त्याच्याच फायद्यांतून निघालेली आहे. आपणच खणलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवून न्यायाधीशापुढें दया मागणारे पक्षकार वकिलीच्या धंद्यांत आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

शिवाय प्लॉट विकून तो मोकळा होतो. बंबाची वाट पाहणारा निराळाच असतो. ऑगस्ट 2025 मध्यें विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून 17 माणसें मेलीं, तेव्हां दाटीमुळें मोठीं यंत्रें लागलीच आंत नेतां येईनात, मलबा आधीं हातांनीं उपसावा लागला. ती इमारत अनधिकृत होती, सवलतीची नव्हे, हें खरें. पण आंत शिरण्याच्या वाटेस कागद रीतसर आहे कीं नाहीं, याच्याशीं कर्तव्य नसतें. एकदां बुजलेली वाट पुन्हां काढणें किती महाग पडतें, हें मुंबईनें पाहिलेलेंच आहे. 1896 च्या प्लेगानंतर 1898 त इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते दाट वस्ती फोडून काढावे लागले, आणि बिऱ्हाडें उठलीं तीं गरिबांचीं.

लेखी कारणें फाइलींत पडून राहिलीं तर तीं नसल्यासारखींच. 2020 साली महापालिकेच्या लोकनियुक्त सभेची मुदत संपली, व पुढें कित्येक वर्षे तीं कारणें विचारणारा सभासदच नव्हता. यापुढें गल्लीच्या लांबीची प्रत्येक सवलत, अग्निशमन अधिकाऱ्याच्या अभिप्रायासह, देण्यापूर्वींच मराठींत जाहीर करावी व हरकतींस मुदत द्यावी.

तोंवर आमच्या व्यापारी वाचकांनीं प्लॉटाच्या करारावर सही करण्याआधीं मंजूर नकाशा मागावा. गल्लीची लांबी, वळणाची जागा व बंद टोंकाची पातळी त्यावर आहे कीं नाहीं तें पाहावें. सवलत दिलेली असल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें आदेशाची प्रत मागतां येते.