लेखणीचीही शाखा हवी

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि महाराष्ट्रात सर्वत्र आनंदोत्सव झाला. तो योग्यच होता. परंतु असा दर्जा भूतकाळाच्या पुराव्यावर मिळत असतो. भाषेचे भवितव्य मात्र आज कोण लिहितो आहे आणि उद्या कोण लिहिणार आहे, यावर ठरते. राष्ट्रीय विचारांच्या परिवाराने तर हा प्रश्न स्वतःला अधिक निकडीने विचारावयास हवा. साहित्यात, नियतकालिकांत आणि विद्यापीठांत आपल्या विचारांची उपेक्षा झाली, ही तक्रार आपण अनेक दशके करीत आलो आहोत. तक्रारीत तथ्य आहे. पण तक्रारीतून ग्रंथ निर्माण होत नाहीत. त्यासाठी लेखक लागतात आणि लेखक घडवावे लागतात.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. प्रतिभा ही जन्मजात देणगी आहे, ती शिकवता कशी येईल? आपल्या पूर्वसूरींना हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी त्याचे उत्तरही देऊन ठेवले आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्यनिर्मितीचा हेतू सांगताना केवळ प्रतिभाशक्तीवर भिस्त ठेवली नाही. लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या परिशीलनातून येणारी निपुणता, तसेच काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणीखाली केलेला अभ्यास, हेही त्याने तितकेच आवश्यक मानले. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीच्या दिवसाचे प्रहरच वाटून दिले आहेत. त्यात अध्ययनाला वेळ आहे, रचनेला आहे, जाणकारांच्या गोष्ठीला आहे आणि दिवसाच्या चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची परीक्षा करण्यालाही आहे. लहर आली की लिहावे, हा विचार या परंपरेचा नव्हे.

महाराष्ट्रात समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर सारखे कसे असावे, ओळींत अंतर किती ठेवावे, कागद, शाई आणि लेखणी यांची निगा कशी राखावी, इतक्या बारकाव्यांत हा राष्ट्रगुरू शिरतो. परंपरा सांगते की, समर्थ बोलत आणि कल्याणस्वामी लिहून घेत. लेखनिक होऊन शिकणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

तीच रीत विसाव्या शतकातही फळाला आली. ग. दि. माडगूळकर उमेदवारीच्या काळात वि. स. खांडेकरांचे लेखनिक होते. वाक्य कसे जुळते, कोठे अडते आणि लेखक ते पुन्हा कसे मांडतो, हे लेखनिकाला रोज डोळ्यांसमोर दिसते. जे पुस्तकात छापले जात नाही, तेच त्याच्या पदरी पडते. पुढे १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्याला एक याप्रमाणे, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ची ५६ गीते प्रसारित झाली. प्रक्षेपणाचा दिवस ठरलेला. त्याआधी गीत सुधीर फडके यांच्या हाती पडून त्याला चाल लागलीच पाहिजे. ही नेमस्त शिस्त केवळ प्रतिभेच्या बळावर येत नाही. चित्रपटाच्या धकाधकीत वेळेवर लिहून देण्याची जी सवय हाताला लागते, तिचाही त्यात वाटा असतो.

लेखनाची दुसरी बाजू व्यवहाराची आहे. तिचा उच्चार करणेही आपल्याकडे गौण मानले जाते. सरस्वतीच्या उपासकाने लक्ष्मीचे नाव काढू नये, हा संकेत ऐकायला गोड आहे. पण त्यामुळे नवा लेखक कोणत्याही कागदावर डोळे मिटून सही करतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने त्याला पुरेसे संरक्षण दिले आहे. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेशाचा उल्लेख नसेल, तर हक्क भारतापुरता मानला जातो. लेखकाच्या निधनानंतरही त्याच्या ग्रंथांवरील हक्क ६० वर्षे टिकतो, म्हणजे हा कुटुंबाच्या मिळकतीचा विषय आहे. आपल्या घरांतील किती लेखकांना हे ठाऊक असते? मानधन किती मागावे, आवृत्ती किती प्रतींची आहे हे करारात कसे नोंदवून घ्यावे, मुद्रिते कशी तपासावीत, हे कोणत्याही पदवीच्या अभ्यासक्रमापेक्षा दहा पुस्तके प्रसिद्ध केलेला लेखक एका संध्याकाळी अधिक नीट सांगू शकतो.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपल्या संस्थांच्या स्मरणिका बहुधा समारंभाच्या आदल्या आठवड्यात, हाताशी असेल त्याच्याकडून लिहून घेतल्या जातात. विचार उत्तम असला की भाषेकडे दुर्लक्ष चालते, अशी एक समजूत रुजली आहे. गौरवपर विशेषणांची रास पडते आणि माणूस मात्र दिसत नाही. विचारासाठी लिहायचे म्हणजे विनामूल्य लिहायचे, हेही आपण गृहीत धरतो. मंडपवाल्याचे बिल आपण चुकते करतो; लेखकाला मात्र शाल आणि श्रीफळ! तरुण लेखक मग अन्यत्र गेला, तर आपण त्याच्या निष्ठेविषयी शंका घेतो. त्यागाचा आग्रह धरावा, पण एकट्या लेखकाकडूनच धरू नये.

उपाय आपल्या कार्यपद्धतीतच आहे. शाखेत स्वयंसेवक बौद्धिक ऐकून जितका घडतो, त्याहून अधिक तो ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या सहवासात घडतो. हीच रीत लेखनाला लावावी. प्रत्येक नगरातील एका लिहित्या लेखकाने चार-पाच तरुणांना वर्षभर आपल्याजवळ घ्यावे. त्यांच्याकडून दरमहा एक लेख ठरल्या दिवशी लिहून घ्यावा, सर्वांसमक्ष वाचून घ्यावा आणि तो दुरुस्त करून पुन्हा लिहावयास लावावा. स्वतःचा खोडाखोडीने भरलेला कच्चा खर्डाही त्यांना निःसंकोच दाखवावा. वर्षातून एकदा मुद्रणालय, एकदा प्रकाशकाचे कार्यालय आणि एकदा पुस्तकांचे दुकान त्यांनी पाहावे. दिवाळी अंकांची आपली परंपरा ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या अंकापासून चालत आली आहे, वर्षाअखेरीची परीक्षा म्हणून त्याहून चांगली संधी कोणती? आपल्या नियतकालिकांनी अशा तरुणांसाठी काही पाने राखावीत, लेख परत पाठवायचा झाल्यास कारण कळवावे आणि छापला तर अल्प का होईना, मानधन द्यावे.

यासाठी नवी इमारत नको, मोठा निधीही नको. ज्येष्ठांनी वेळ द्यावा आणि तरुणांनी टीका सोसावी, एवढेच पुरेसे आहे. येत्या वर्षप्रतिपदेला आपल्या नगरात असा एक गट उभा करण्याचा संकल्प वाचकांनी करावा. अभिजात भाषेचा उत्सव करणाऱ्या पिढीवर ही जबाबदारी आलीच आहे.