फाइल मेलेली नसते, निदान चुकलेलं असतं



गोडी बार छाटणीचे दिवस आले की बागेत कात्रीच्या बरोबरीने मोबाइल चालतो. किती डोळ्यांवर छाटलं, पेस्ट कशी लावली, डोळा कधी फुगला, पोंगा कधी निघाला, घड किती आले, या सगळ्याचे व्हिडिओ आपण काढतो. चांगली सवय आहे. पण पुढे होतं काय, संध्याकाळी घरातलं पोरगं कॉम्प्युटरवर क्लिपा जोडायला बसतं आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर म्हणतं, ही फाइल चालत नाही. किंवा फाइल आत येते, पण नुसता आवाज येतो अन् चित्र काळं.

मग काय करतो आपण? कोणी फाइलचं नाव बदलून बघतो. कोणी नेटवरून मिळेल तो कन्व्हर्टर उतरवतो आणि त्याच्यासोबत कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घेतो. दुकानात गेलं तर उत्तर ठरलेलं, कॉम्प्युटर जुना झाला, नवा घ्या. आणि शेवटी मोबाइल भरला म्हणून मूळ व्हिडिओ डिलीट.

माझं स्पष्ट मत आहे, ही आंधळी फवारणी आहे. पानावर डाग दिसला की तो केवडा आहे, करपा आहे की औषधाचा चटका आहे हे न बघता टाकी भरणारा माणूस आणि फाइल उघडली नाही की डिलीट मारणारा माणूस, दोघांचा रोग एकच. आधी निदान, मग औषध. फाइलचं निदान तर पानापेक्षा सोपं आहे, पाच मिनिटांत होतं.

हे एवढं का सांगतोय? कारण आपल्या बागेतली गोष्ट वर्षातून एकदाच घडते. लग्नाचा व्हिडिओ बिघडला तर पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये दुसरा सापडतो. पोंग्यातल्या घडाचा व्हिडिओ गेला तर पुढच्या छाटणीपर्यंत वाट बघायची. आणि नुकसानीचा गेला तर कायमचाच गेला. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. निफाड तालुक्यात गारपीट झाली, द्राक्षबागांचं काय झालं ते इथल्या कोणाला सांगायला नको. अशा वेळी पंचनाम्याला माणूस येईपर्यंत फुटलेले मणी सडायला लागतात, कूज पसरू नये म्हणून आपणच घड कापून टाकतो. त्या दिवशीची बाग जशीच्या तशी फक्त व्हिडिओत उरते. फळपीक विम्यात गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. व्हिडिओ म्हणजे पंचनामा नव्हे, हे खरं. पण बोलायला हातात काहीतरी पुरावा असलेला बरा.

आता निदानाकडे येऊ.

आधी एक गोष्ट समजून घ्या. एमपी-फोर किंवा एमओव्ही हे व्हिडिओचं नाव नाही, ते क्रेट आहे. आपल्या पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोची क्रेट येतात. सगळी क्रेट सारखी, पण आतला माल वेगळा. तसंच या फाइलचं आहे. क्रेट एमपी-फोरचं, आत माल एच २६४ चा असेल किंवा एच २६५ चा. एच २६४ ही पद्धत २००३ पासून आहे, ती जवळपास सगळीकडे चालते. एच २६५, म्हणजे एचईव्हीसी, ही २०१३ ची. ती तेवढ्याच दर्जाचा व्हिडिओ साधारण निम्म्या जागेत बसवते, म्हणून नवे मोबाइल ती वापरतात. आयफोनमध्ये तर २०१७ च्या आयओएस ११ पासून, आयफोन ७ आणि त्यापुढच्या मॉडेलमध्ये, तीच आपोआप चालू असते. पण जुन्या कॉम्प्युटरला आणि बऱ्याच सॉफ्टवेअरला हा माल उघडता येत नाही. म्हणून नाव बदलून काही होत नाही. क्रेटवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतला टोमॅटो बदलत नाही.

निदानाला दोन फुकटची साधनं पुरतात. एक व्हीएलसी प्लेअर. तो जवळपास सगळे प्रकार उघडतो, कारण उघडायची साधनं तो स्वतःसोबतच घेऊन येतो. दुसरं मीडियाइन्फो. ते फाइलच्या आत कुठला माल आहे हे लिहून दाखवतं. दोन्ही त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या. आता लक्षणं बघा.

१) व्हीएलसीत चालतो, एडिटिंगमध्ये येत नाही.
फाइल निरोगी आहे, सॉफ्टवेअरला तो प्रकार येत नाही एवढंच. मीडियाइन्फोत एचईव्हीसी दिसेल. उपाय म्हणजे हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर. त्यात फाइल टाका, एच २६४ निवडा, नवी एमपी-फोर तयार करा. मूळ फाइल ठेवायची, कामाला नवी प्रत वापरायची. मोठी फाइल असेल तर वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

२) मोबाइलवर चालतो, कॉम्प्युटरवर व्हीएलसीतही चालत नाही.
इथे कॉपी अर्धवट झाली आहे. दोन्हीकडची फाइलची साइज ताडून बघा. मोबाइलवर ८०० एमबी आणि कॉम्प्युटरवर ३०० एमबी असेल तर दुसरं काही शोधत बसू नका. कॉपी चालू असताना लाइट गेली, केबल हलली, पेन ड्राइव्ह घाईत ओढला, ही नेहमीची कारणं. परत कॉपी करा. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये फोटोच्या विभागात कॉम्प्युटरवर पाठवताना मूळ फाइलच जावी, म्हणजे 'कीप ओरिजिनल्स', हा पर्याय ठेवा. कॉपी मधेच तुटायचं प्रमाण त्याने कमी होतं.

३) मोबाइलवरसुद्धा चालत नाही, पण फाइलला साइज आहे.
रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली किंवा मोबाइल बंद पडला की असं होतं. कॅमेरा चित्रं लिहीत जातो आणि कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका शेवटी, स्टॉप दाबल्यावर लिहितो. ती लिहायची राहिली तर आत सगळा माल असूनही कोणतंच सॉफ्टवेअर तो उघडू शकत नाही. ही फाइल डिलीट करू नका! अनट्रंक नावाचं एक फुकट साधन आहे. त्याला त्याच मोबाइलवर, त्याच सेटिंगला काढलेला दुसरा चांगला व्हिडिओ दाखवायचा, त्यावरून ते बिघडलेल्या फाइलची अनुक्रमणिका परत बांधायचा प्रयत्न करतं. दर वेळी जमतं असं नाही, पण बऱ्याचदा बराच भाग परत मिळतो. वापरायला थोडं किचकट आहे, कॉम्प्युटर शिकलेल्या पोराला बसवा.

४) फाइलची साइज शून्य.
ही प्रत गेली. मोबाइल किंवा मेमरी कार्डवर मूळ आहे का बघा. तिथूनही पुसली गेली असेल तर त्या कार्डवर नवीन काही रेकॉर्ड करू नका. वरून नवं लिहिलं नाही तोवर रिकव्हरीची आशा असते.

५) चित्र येतं, पण आवाज मागे-पुढे होतो.
मोबाइल सेकंदाला किती चित्रं घ्यायची हे उजेडाप्रमाणे बदलत राहतो. मांडवाखाली सावलीत एक वेग, बाहेर उन्हात दुसरा. काही सॉफ्टवेअरना हे झेपत नाही. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून प्रत काढली की आवाज जागेवर येतो.

६) रंग फिके, धुतल्यासारखे दिसतात.
याच्याकडे सल्लागार मंडळींनी जास्त लक्ष द्या. नव्या मोबाइलमध्ये एचडीआर चालू असतं. ज्या सॉफ्टवेअरला एचडीआर समजत नाही तिथे हिरवं पान फिकट दिसतं. बागेत पान चांगलं काळोखी धरून आहे आणि व्हिडिओत पिवळट दिसतंय, मग त्यावरून फेरसची नाहीतर मॅग्नेशियमची कमतरता सांगितली तर चूक कोणाची? पिकाचा व्हिडिओ काढताना एचडीआर बंदच ठेवा.

आता माझ्या खऱ्या तक्रारीवर येतो. ती सॉफ्टवेअरबद्दल नाही, आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या सवयीबद्दल आहे. शेतकरी व्हिडिओ ग्रुपवर टाकतो, मोबाइलमधून मूळ उडवतो आणि म्हणतो, "ग्रुपवर आहे की, कधीही घेता येईल." भाऊ, ग्रुपवर आहे तो मूळ नाही, तो दाबलेला, पिळलेला व्हिडिओ आहे. मण्यावरचा थ्रिप्सचा ओरखडा, पानाखालची केवड्याची पांढरी बुरशी, भुरीची पावडर, हे बारीक तपशीलच आधी पुसले जातात. आणि त्या फाइलच्या नावात जी तारीख येते ती व्हॉट्सअ‍ॅपमधली असते. बागेत कधी काढला हे त्यावरून सिद्ध होत नाही.

यावर उपाय फुकट आहे. व्हिडिओ गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. डेटा जास्त लागतो, मान्य. पण चुकीच्या सल्ल्यावर मारलेल्या एका फवारणीचा खर्च काढा आणि मग सांगा महाग काय ते.

कृषी सहायक, सल्लागार, कंपन्यांचे प्रतिनिधी यांनाही एक विनंती. तुम्ही "व्हिडिओ टाका" एवढंच म्हणता. त्याऐवजी "मूळ फाइल डॉक्युमेंटने टाका, एचडीआर बंद ठेवा" असं म्हणायला लागा. माती परीक्षणाला नमुना कसा घ्यायचा हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. व्हिडिओ हाही नमुनाच आहे. घाण पिशवीत आणलेली माती तुम्ही परत पाठवता, मग पिळलेल्या व्हिडिओवर निदान कशाला करता?

काही जण म्हणतील, शेतकऱ्याने शेती करावी, हे कोडेक-बिडेक कशाला? हेच आपण फवारणीच्या नोंदवहीबद्दलही म्हणत होतो. मग २०१० साली सीसीसीच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि कुठलं औषध कधी मारलं हे कागदावर असण्याची किंमत सगळ्यांना कळली. आज निर्यातीचा माल करणारा कोणी नोंदवहीला नाव ठेवत नाही. व्हिडिओची नोंद त्याच वाटेने जाणार आहे. फरक एवढाच, वही पावसात भिजली तर दिसते, फाइल बिघडलेली उघडेपर्यंत कळत नाही.

म्हणून छाटणीच्या आधी एवढी तयारी करून ठेवा:

- कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच २६४ निवडा. आयफोनमध्ये फॉरमॅटमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल', अँड्रॉइडमध्ये 'हाय एफिशियन्सी' बंद किंवा व्हिडिओ एन्कोडर एच २६४. प्रत्येक मोबाइलमध्ये नाव थोडं वेगळं असतं, शोधलं की सापडतं. जागा जास्त लागेल, पण एडिटिंगची कटकट वाचेल.
- १०८० रिझोल्यूशन पुरे. फोर-के कशासाठी लागतंय हे सांगता येत नसेल तर लावू नका.
- बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली असेल तर लांब रेकॉर्डिंग करू नका. दोन-दोन मिनिटांच्या क्लिपा काढा. एक गेली तरी बाकीच्या राहतात.
- सुरुवातीलाच तोंडाने बोला: तारीख, प्लॉट, वाण, छाटणीपासून कितवा दिवस. हे आवाजात असलं की फाइलचं नाव बदललं तरी नोंद राहते.
- हंगामाआधी दहा सेकंदांची एक चाचणी क्लिप काढून ती एडिटिंगमध्ये येते का बघा. फवारणीआधी नोझल तपासतो ना, तसंच. तीच क्लिप जपून ठेवा, पुढे बिघडलेली फाइल दुरुस्त करायला नमुना म्हणून उपयोगी पडेल.
- मूळ फाइल दोन ठिकाणी. एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. माल विकून पट्टी हातात येईपर्यंत आणि विम्याचं काम मिटेपर्यंत मूळ पुसायची नाही.

यातलं एकही काम अवघड नाही आणि एकालाही पैसे लागत नाहीत, हार्ड डिस्क सोडली तर. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं पोरगं-पोरगी आहे त्यांनी हे त्यांना वाचायला द्या, एका संध्याकाळचं काम आहे. आणि तुमच्याकडे न उघडणारी एखादी जुनी फाइल पडून असेल, गारपिटीची असो की पहिल्या वर्षाच्या बागेची, ती पुसायच्या आधी वरच्या सहा लक्षणांशी ताडून बघा.