दुबईचे समन्स आणि आपली गफलत

आखाताशी आपला व्यापार आजचा नाही. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या आणि १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात तोच रुपया चालत होता. त्या दिवसांत देणेघेणे अडले तर चार बुजुर्ग मध्ये पडत, दोन्हीकडचे नातलग ओळखीचे असत आणि प्रकरण मिटे. त्या काळाची एक सवय मात्र आपल्या व्यापारी बांधवांत अजून शिल्लक आहे. दुबईहून कोर्टाचा कागद आला की तो कपाटात ठेवून द्यायचा आणि म्हणायचे, ''तिथल्या कोर्टाला इथे कोण विचारतो?''

आता विचारले जाते. १७ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली परस्पर मान्यतेचा प्रदेश म्हणून जाहीर केले. दुबई आणि अबू धाबीची न्यायालये त्यात आहेतच, शिवाय इंग्रजीत कामकाज चालवणारे दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राचे न्यायालयही आहे. दोन्ही देशांत न्यायालयीन सहकार्याचा करार १९९९ सालीच झाला होता, पण ही अधिसूचना निघायला वीस वर्षे गेली. सरकारी काम!

याचा अर्थ व्यापाऱ्याच्या भाषेत असा. पूर्वी दुबईचा निकाल घेऊन कोणी भारतात आला तर त्या निकालाच्या आधारे त्याला इथे नवा दावा लावावा लागे, तोही निकालापासून तीन वर्षांच्या आत. इथले दावे किती वर्षे चालतात हे आपल्याला सांगायला नको. आता तो निकालाची प्रमाणित प्रत आणि किती रक्कम वसूल झाली याचा तिथल्या न्यायालयाचा दाखला घेऊन सरळ आपल्या जिल्हा न्यायालयात येतो. तो निकाल जणू याच न्यायालयाने दिला आहे असे समजून वसुली सुरू होते. बँकेतली रक्कम, दुकान, गाळा, गोदाम यांवर जप्ती येऊ शकते. कारागिरांच्या माहितीसाठी एवढे सांगतो की संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारे, घरातली भांडी आणि अंगावरचे आवश्यक कपडे जप्त होत नाहीत. चार-सहा मागांच्या कारखानदाराने मात्र ही सवलत आपल्यालाही मिळेल असे गृहीत धरू नये.

इथे एक जाणकार मंडळी भेटतात. त्यांचा सल्ला असतो, ''तिकडे हजरच राहू नका, एकतर्फी निकाल होऊ द्या, मग इथे उडवू.'' या सल्ल्यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. कलम १३ प्रमाणे परदेशी निकाल सहा कारणांनी नाकारता येतो. न्यायालयाला अधिकारच नव्हता, आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नाही, निकाल लबाडीने मिळवला, गुणदोषांचा विचार न करता दिला, अशी ती कारणे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली इंटरनॅशनल वुलन मिल्सच्या खटल्यात सांगितले की प्रतिवादी आला नाही एवढ्याच कारणावरून, पुरावा न तपासता दिलेला निकाल गुणदोषांवरचा नव्हे. पण तिथल्या न्यायाधीशाने बिले, डिलिव्हरीचे कागद, बँकेची पत्रे तपासून एकतर्फी निकाल दिला असेल तर? तो गुणदोषांवरचाच धरला जातो. मग इथे येऊन ''माल खराब होता'' म्हणायची सोय उरत नाही, कारण ते सांगण्याची जागा दुबईच होती. आपण समन्स कपाटात ठेवले तेव्हाच ती गेली. समन्स खरोखर मिळाले नसेल तर गोष्ट वेगळी. मग कलम १३ चा आधार जरूर घ्यावा.

आणखी एक गोष्ट कडू असली तरी बोलली पाहिजे. ज्याचे देणे खरेच आहे त्याला समुद्र आडवा आला म्हणून ते देणे माफ होत नाही, कायद्यानेही नाही आणि शरीअतनेही नाही. बँकेचे किंवा पार्टीचे कर्ज मागे ठेवून गावी परतलेल्यांनी हे मनाशी ठरवावे. समोर जाऊन हप्ते बांधून घेणे व्याज आणि खर्चासकट जप्तीपेक्षा नेहमी स्वस्त पडते.

या बदलाला कित्येकांचा विरोध आहे, पण आम्हाला तो योग्य वाटतो. आपला छोटा व्यापारी आखातात बहुधा घेणेकरी असतो. रत्नागिरीचा हापूस आडतीवर जातो आणि पट्टी पुढच्या हंगामापर्यंत येत नाही. भिवंडीचे कापड उधारीवर जाते आणि खरेदीदाराचा फोन बंद होतो. दुबईत न्याय मागून मिळवलेला निकाल खरेदीदाराच्या भारतातल्या मालमत्तेवर चालवता येणे हा त्याचाही फायदा आहे. १९९९ च्या करारामुळे आपल्या न्यायालयाचा निकाल तिकडे नेण्याची वाटही आहे, आणि समन्स दोन्ही देशांच्या कायदा मंत्रालयांमार्फत बजावता येतात. पण या सगळ्याला कागद लागतो, आणि तिथे आपण कच्चे पडतो. भाच्याच्या मित्राशी व्यवहार, व्हॉट्सॲपवर भाव, बिल नंतर! सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे, रक्कम लहान असो की मोठी. कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत. आपण ती तिलावतीत वाचतो, दुकानात विसरतो.

सर्व आखात मात्र एक समजू नका. सौदी अरेबिया, कुवेत, कतर, ओमान हे कलम ४४-अ च्या यादीत नाहीत. तिथला निकाल घेऊन येणाऱ्याला इथे अजूनही दावाच लावावा लागतो. ब्रिटन, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, बांगलादेश यादीत आहेत. मुदतीचेही भान हवे. मार्च २०२० मध्ये बँक ऑफ बडोदाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की यादीतल्या देशाचा निकाल इथे अमलात आणण्याची मुदत त्या देशाच्या कायद्याप्रमाणे मोजायची. लंडनचा १९९५ चा निकाल २००९ साली इथे आणला गेला, तो याच कारणाने फेटाळला गेला. निकाल हातात पडल्यावर ''सवडीने बघू'' म्हणणाऱ्याचे नुकसान ठरलेले.

पुढच्या वेळी दुबईच्या पार्टीचा छापील फॉर्म आला की भाव आणि वजन बघून सही करू नका. खाली बारीक अक्षरात वाद कुठल्या न्यायालयात चालेल ते लिहिलेले असते. ते वकिलाकडून वाचून घ्या, नको असेल तर सहीपूर्वी खोडायला सांगा, आणि सही केलेली एक प्रत घरी ठेवा.