सांगायचे कुणाला?

'मी माझ्या भावना मनातच ठेवतो' अशा अर्थाचे एक विधान. त्यापुढे पाच पर्याय. मुलाने 'पूर्ण सहमत'वर खूण केली की पाच गुण. हे गुण भावना दडपण्याच्या खात्यात जमा होतात. ग्रॉस आणि जॉन यांची 2003ची प्रौढांसाठीची प्रश्नावली गुलोन आणि टॅफ यांनी 2012मध्ये 10 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी बेतली. तिच्यातल्या 10 विधानांपैकी चार दडपण्याविषयी आहेत. दडपण्याचे गुण जास्त असलेल्या मुलांत नैराश्याची लक्षणेही जास्त आढळतात, म्हणून ते मोजलेच पाहिजेत.

पण हेच विधान मुरबाडमधल्या सिद्धगडाच्या आसपासच्या पाड्यावरून निवासी आश्रमशाळेत आलेल्या आदिवासी मुलापुढे ठेवून पाहा. पहिलीतच घर सुटलेले. दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडमधली कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. ती परततात पावसाच्या तोंडावर. तोवर पाड्यावरच्या घराला कुलूप. शाळेत अधीक्षकांच्या मागे हजेरी, शिधा, भांडणे आणि तापाने फणफणलेली पोरे. अशा मुलाने 'पूर्ण सहमत'वर खूण केली, तर ते खरेच सांगते आहे. मात्र त्या पाच गुणांतून कळत नाही, की ते बोलत नाही की त्याला बोलायला कुणी नाही. आपण मात्र ते गुण त्याचा स्वभाव म्हणून वाचतो.

मुलाऐवजी मोठ्यांनी भरायची प्रश्नावलीही आहे. शील्ड्स आणि चिकेटी यांची 1997ची यादी 24 विधानांची. ती भरणाऱ्याला मूल नीट माहीत असावे लागते. ते कशाने रडते, किती वेळात सावरते, हे त्याने पाहिलेले असावे लागते. आश्रमशाळेत ही यादी कोण भरणार? आईबाप भट्टीवर, शिक्षकांपुढे भरलेला वर्ग. इथेही अडचण तीच.

प्रश्नावल्या टाकाऊ नाहीत. गोंधळ न घालणारे, म्हणून कुणाच्या नजरेत न येणारे मूल त्यांच्यामुळे सापडू शकते. पण सापडल्यावर काय? 'भावना व्यक्त करा' असे तासभर शिकवून समुपदेशक निघून जातात. मूल बोलायला तयार होते, आणि दुसऱ्या दिवशी ऐकायला कुणी नसते.

म्हणून आश्रमशाळांत अशी प्रश्नावली वाटण्याआधी एक प्रश्न शाळेला विचारावा: या मुलाचे रोज ऐकून घेणारे मोठे माणूस कोण? नाव लिहा. ती ओळ कोरी राहिली, तर मुलाच्या नावापुढे कोणताही गुण लिहू नये. ती उणीव शाळेची आहे, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी आदिवासी विकास विभागाची आहे.