घराची धूळ



परवा देशपांडे नगरातील एका कुटुंबाच्या घराला आशीर्वाद देण्यास गेलो होतो. मागील पडवीचे जुने सिमेंटचे पत्रे काढणे चालू होते. गडी ते हातोड्याने फोडीत होता आणि जवळच मुले खेळत होती. मी हरकत घेतली, तेव्हा तरुणपणी बॉयलरदुरुस्तीचे काम केलेले आजोबा हसून म्हणाले, "फादर, ह्याच ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्या आम्ही हातांनी गुंडाळल्या. आम्हांला काय झाले?"

प्रत्येकाला काही होतेच असे नाही, हे खरे. परंतु ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचतात व तेथे रुतून बसतात. त्यांतून मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग उद्भवू शकतो, आणि तोही बहुधा वीस ते पन्नास वर्षांनी! १९६० साली डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील अशा ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येक खाणकामगार नव्हतेच. ते केवळ खाणींच्या परिसरात राहिले होते. कामगारांचे कपडे धुणाऱ्या त्यांच्या पत्नींनाही हा रोग जडल्याचे पुढे दिसून आले. धूम्रपान हे मेसोथेलिओमाचे कारण नव्हे. मात्र ॲस्बेस्टॉसची धूळ घेतलेल्याने विडी ओढली, तर खुद्द फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

रोग असा उशिरा येतो, म्हणूनच १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. कारखान्याने जे जपावयाचे, ते कुटुंबाने विसरावे काय? दम लागू लागला, छातीत पाणी झाले, तर डॉक्टरांना आपले जुने काम आवर्जून सांगावे.

धड पत्र्याची धास्ती नको. पण तो कापू, घासू वा फोडू नये. काढणे भागच असेल, तर पाण्याने भिजवून अखंड उतरवावा, मुलांना दूर ठेवावे. रोजंदारीवरील गड्याचा श्वासही आपल्याच जबाबदारीचा आहे.

भिंतीवर डाग दिसल्यास याजकाने घर तपासावे, असा नियम लेवीयाच्या पुस्तकात आहे. ह्या धुळीचा डाग मात्र दिसत नाही.

एवढे बोलणे झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून आजी हळूच म्हणाल्या, "ह्यांचे कपडे रोज मीच झटकीत असे." आजोबा गप्प झाले. गड्याने हातोडा खाली ठेवला. मग आम्ही सारे, गड्यासह, प्रार्थनेला उभे राहिलो.